बाबांचे एकशेवीस आवडते शब्द

त्या बुधवारी सकाळपासून तिचं काम मजेत चाललं होतं. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीने आपल्या सातशे नोकरांचे पासवर्ड कुलूपबंद करून तिच्या ऑफिसकडे पाठवले होते आणि म्हटलं होतं, बघा किती फुटतात. साडेबारापर्यंत पाचशे फुटले होते. बायकोचं नाव आणि जन्मसाल. मुलाचं नाव आणि एक-दोन-तीन. कुत्र्याचं नाव आणि उद्गारचिन्ह. 'कोणालासांगूनकोस' हा पासवर्ड तर तीन खात्यांतल्या अकरा जणांचा निघाला.

"म्हणजे पहिल्याने सांगितलंच," शेजारच्या टेबलावरून शंकासुर म्हणाला.

शंकासुर हे त्याचं ऑफिसातलं नाव. कुठल्याही कुलपाकडे बघून 'पण असं झालं तर?' असं विचारण्याचा पगार त्याला मिळायचा, आणि हे काम तो घरी फुकट करतो अशी त्याच्या बायकोची तक्रार होती.

पावणेएकला बाबांचा फोन आला. ती उठून जिन्यात गेली.

"साहेबांना वेळ आहे का?"

"बोला बाबा."

"झालं."

"काय झालं?"

"तुझ्या आईचं लिहून झालं. काल शेवटचं पान तपासलं. एकशे ब्याण्णव पानं. दोन चुका सापडल्या, त्याही माझ्याच."

"अरे वा," ती म्हणाली, आणि कठड्यावरची धूळ बोटाने पुसायला लागली.

आई गेली तेव्हा ती अडीच वर्षांची होती. घरात आईचे दोन फोटो होते, एकात ती अर्धी कापली गेलेली. बाबा आईबद्दल बोलत नसत. मुलीला त्रास नको, असं त्यांच्या मनात असावं. तीही विचारत नसे, कारण बाबांना त्रास नको. असं करता करता चाळीस वर्षं गेली. आई हा विषय त्या घरात वरच्या फळीवरच्या काचेच्या बरणीसारखा होता. येता-जाता दिसायचा, पण हात कोणी लावत नसे. मग चार वर्षांपूर्वी बाबांनी एकदम जाहीर केलं की ते लिहिणार आहेत. 'तिने फक्त मला सांगितलेलं पुष्कळ आहे. ते तुझं आहे, इतर कोणाचं नाही. तेव्हा तुमच्यात जे सगळ्यात भक्कम कुलूप असेल ते मला बसवून दे.' आणि तिने बसवून दिलं होतं. सहा शब्दांचं कुलूप. शब्द फक्त बाबांच्या डोक्यात.

"आता असं कर," बाबा म्हणाले, "कागद घे. सहा शब्द लिहून घे."

"बाबा! फोनवर?"

"मग काय कबुतराच्या पायाला बांधून पाठवू? अगं, काल सकाळी चौथ्या शब्दाला अडलो. तोंडात ब्रश, ओठांवर फेस, आणि दहा मिनिटं तसाच उभा. आठवला शेवटी. पण म्हटलं, शहात्तर वर्षांचं डोकं म्हणजे भाड्याची जागा. कधी रिकामी करायला सांगतील, नेम नाही."

"रविवारी येते ना मी. पाकिटात घालू, सील करू, वकिलांकडे ठेवू. मी सगळ्यांना हेच सांगते."

"लोकांचं राहू दे. तू घे. एक, शिडी. दोन, ओंजळ. ती..."

"ला ला ला ला!" तिने गायला सुरुवात केली. भर जिन्यात, मोठ्याने, दुसऱ्या कानात बोट घालून. वर चढणारे दोन कारकून थबकले आणि अंग चोरून पुढे गेले. ती गातच राहिली. पलीकडे बाबा हसायला लागले होते. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"गळा आईचा नाही आला तुला," ते म्हणाले. "बरं बाई. रविवारी. जेवायलाच ये."

गुरुवारी सकाळी आत्याचा फोन आला. बाबा फिरायला निघाले होते. एक बूट पायात, दुसरा हातात, तसेच खुर्चीत बसले होते. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. आत्या म्हणाली, डॉक्टरांना काय माहीत.

*

बाबा एका प्रकाशनात एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासायचे. छापखान्यात त्यांना चिमटा म्हणत, कारण पानातली चूक ते चिमट्याने खडा उचलावा तशी उचलायचे, आसपासचं काही न हलवता. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेपर, औषधांची वेष्टनं आणि दुकानांच्या पाट्या तपासायला घेतल्या. पाटीवाले भांडायला लागले तेव्हा आत्याने भावाच्या वतीने लेकीकडे अर्ज केला, "दादाला काहीतरी काम दे, नाहीतर कोणीतरी त्याला मारेल."

तिच्याकडे एक काम पडून होतंच. पासवर्ड माणसाने स्वतःच्या मनाने निवडला की तो कच्चा निघतो, कारण माणसाचं मन ठरावीक वाटांनीच हिंडतं. त्यावर उपाय असा की निवड फाशावर सोडायची. फासा पाच वेळा टाकायचा. पाच आकडे येतात. त्या आकड्यांसमोर यादीत जो शब्द असेल तो घ्यायचा, आवडो न आवडो. असं सहा वेळा केलं की सहा शब्द मिळतात. त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो, आणि तेच त्यांचं बळ. यासाठी यादी लागते बरोबर सात हजार सातशे शहात्तर शब्दांची. दुसऱ्या भाषांमध्ये अशा याद्या तिने पाहिल्या होत्या. आपल्या भाषेतली तिच्या मनासारखी एकही सापडली नव्हती.

"बघू," बाबा म्हणाले, आणि दीड वर्ष त्या दोघांनी ती यादी केली. शब्द छोटा हवा. लहान मुलालाही माहीत हवा. दुसऱ्या कुठल्या शब्दासारखा दिसायला नको. दर रविवारी जेवणानंतर टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग पडे आणि भांडण सुरू होई. बाबांना 'दुलई' हवी, 'काजवा' हवा, 'पाणवठा' हवा, 'हुरहुर' हवी. ती म्हणे, हुरहुर टाइप करताना लोक चुकतील. बाबा म्हणत, ज्यांना हुरहुर लिहिता येत नाही त्यांच्याकडे लपवण्यासारखं तरी काय असणार? तिला 'ढेकर' हवा होता: सुटसुटीत, ठळक, कशासारखाही नाही. बाबांनी ढेकर तीन रविवार अडवून धरला. चौथ्या रविवारी 'हुरहुर'च्या बदल्यात सोडला.

आयुष्यात बापलेक एवढे कधी बोलले नव्हते. आई हा शब्द छोटा होता, लहान मुलालाही माहीत होता, कशासारखाही नव्हता. तो यादीत घालायचं दोघांपैकी कोणीच सुचवलं नाही.

*

बाबा गेल्यानंतर अकराव्या दिवशी तिने त्यांचा लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर पांढरी चौकट आणि आत लुकलुकणारी उभी रेघ. तिने 'शिडी ओंजळ' एवढं टाइप केलं. पुढे बोटं अडली.

आत्या दारात उभी होती. बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून, गेली नऊ वर्षं, ती भावाकडेच राहत होती. त्याआधी तिने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, तीही पार दुसऱ्या टोकाच्या गावात. वहिनीला तिने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, एकदा लग्नात आणि एकदा घाईत.

"उघडत नाही?"

"पासवर्ड हवा."

"तुला नाही सांगितला दादाने?"

तिने पडद्याकडे बघत उत्तर दिलं. "सांगायचं राहून गेलं त्यांचं."

"तरी म्हटलं!" आत्याने कपाळावर हात मारला. "दादा म्हणजे दादा! लोकांच्या चुका काढण्यात जन्म गेला आणि स्वतःचं हे असं. एवढं चार वर्षं खपून लिहिलं पोरीसाठी, आणि किल्ली घेऊन गेला वर!"

पुढच्या आठवड्यात भेटायला आलेल्या दोन काकांना आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला आत्याने हेच सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. शिंपी म्हणाला, म्हातारपणी असं होतंच. ती तिथेच बसली होती. पाण्याचे पेले गोळा करून ती आत गेली.

ऑफिसात शंकासुराला तिने दुसरं सांगितलं. दोन शब्द बाबांच्या तोंडून बोलता बोलता निसटले होते, बाकीचे चार माहीत नाहीत. शंकासुराने नेमकं विचारलं, "निसटले कसे? तुझे बाबा शब्द निसटू देणारे नव्हेत." ती म्हणाली, "निसटले." त्याने पुन्हा विचारलं नाही. हे त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं, त्यामुळे ते तिला जास्त लागलं.

मग त्यांनी हिशेब केला. चार शब्द, प्रत्येकाला सात हजार सातशे शहात्तर शक्यता. त्यात तिने कुलूप बसवताना आणखी एक बंदोबस्त करून ठेवलेला: प्रत्येक प्रयत्नाला यंत्राने एक अख्खा सेकंद दळत बसायचं. खऱ्या मालकाचा एक सेकंद जातो, त्याला कळतही नाही. चोराला मात्र प्रत्येक चुकीमागे सेकंद मोजावा लागतो. ऑफिसातली चाचणीची शंभर यंत्रं महिनाभर रिकामी होती, आणि मोठ्या साहेबांनी 'घ्या, पण वीज फार खाऊ नका' म्हणून परवानगी दिली होती. शंभर यंत्रं रात्रंदिवस लावली तरी...

"साडेअकरा लाख वर्षं," शंकासुर म्हणाला. "थोडी जास्तच. आणि नशीब चांगलं असेल तर निम्मी."

"माहीत आहे."

"कोणी बसवलंय गं हे कुलूप?"

"गप्प बस."

"नाही, काम चांगलं केलंय म्हणून विचारतो."

तिला हसू आलं. मग हसू तोंडावरच राहिलं आणि त्याचं काय करावं ते तिला कळेना.

*

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. बसमध्ये जागा असली तरी ती उभी राहायची. दात दाखवायला गेली आणि खुर्चीत आडवं व्हायच्या आधीच उठून आली. पायात चाकं बसवल्यासारखी ती ऑफिसच्या बोळातून इकडून तिकडे करायची, आणि शंकासुर मान न वळवता म्हणायचा, "फरशी झिजली तर तुझ्या पगारातून कापतील."

तिसऱ्या दिवशी तिला सुचलं. कुलूप भक्कम होतं ते एका अटीवर: शब्द खरोखर फाशाने निवडलेले असले तर. पण माणसं लबाडी करतात. तिने हे हजारदा पाहिलं होतं. फासा टाकतात, नावडता शब्द आला की 'हा नाही धरायचा' म्हणून पुन्हा टाकतात, मनासारखा येईपर्यंत. मग किल्ली दिसायला मोठी आणि आतून पोकळ निघते. त्यासाठी तिने गिऱ्हाइकांना झापलं होतं, वर्ग घेतले होते, भिंतीवर लावायला तक्ते काढले होते. आता ती मनोमन विनवत होती, बाबा, तुम्ही लबाडी केलेली असू दे. तुम्ही, ज्यांनी 'ढेकर' तीन रविवार अडवून धरला, त्यांनी एखादा रुक्ष शब्द निमूट घेतला असेल? शक्य नाही. 'शिडी' त्यांना आवडायची. 'ओंजळ' तर फारच.

दोन दिवस खपून तिने बाबांच्या आवडत्या शब्दांची यादी केली. आपल्याला इतकं माहीत आहे हे तिलाच माहीत नव्हतं. दुलई, काजवा, पाणवठा, हुरहुर. निथळ, कारण तो उच्चारतानाच पाणी खाली जातं, असं बाबा म्हणत. उशी. वाळवण. फुंकर. 'झुळूक' नाही, कारण तो शब्द लोकांनी वापरून मळवला असं त्यांचं मत होतं. 'पैंजण' नाही. 'सुरी' हो, 'तलवार' नाही. 'अंगठा' हो, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लिहिता लिहिता एकशेवीस झाले आणि पुढे एकही सुचेना.

एकशेवीस शब्दांतून चार. शंकासुराने आकडा मांडला आणि शीळ घातली. "शंभर यंत्रांवर बरोबर चोवीस दिवस. एक तास जास्त नाही की कमी नाही."

"लाव."

"लावतो. पण असं झालं तर..."

"शंका नको."

"एकच. तुझे बाबा तुझं ऐकायचे का?"

तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने यंत्रं सुरू केली.

फोनवर एक छोटा आकडा दिसायचा, किती टक्के झालं ते. ती तो भाजीच्या दुकानात बघायची, लिफ्टमध्ये बघायची, समोरचा बोलत असताना टेबलाखाली बघायची. दोन टक्के. नऊ टक्के. लिफ्टवाल्या कंपनीला अहवाल सादर करताना तिने पडद्यावर 'मजबूत पासवर्ड म्हणजे काय' ही पाटी उघडली आणि तिचं पाठ केलेलं भाषण सुरू झालं, की पासवर्डचं बळ तो किती विचित्र दिसतो यात नसतं, तो किती शक्यतांमधून निवडला यात असतं. समोरचा एक मॅनेजर म्हणाला, "पण मॅडम, माणूस मेला तर मग?" सगळे हसले. ती म्हणाली, "त्यासाठी सीलबंद पाकीट असतं. ते आजच करा. रविवारवर टाकू नका." रविवारच का, हे कोणी विचारलं नाही.

सव्वीस टक्के. एकेचाळीस. पन्नास टक्क्यांना शंकासुराने तिच्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला.

*

एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती आत्याकडे गेली. म्हणजे बाबांच्याच घरी, पण आता तिच्या तोंडी 'आत्याकडे' असं यायला लागलं होतं. आत्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून औषधांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होती. ती मात्र बसली नाही. नळ नीट बंद केला, खिडकीची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"खिडकीने काय घोडं मारलंय तुझं? बस."

ती बसली आणि तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. लगेच सुलटा केला.

"काय बघतेस गं सारखं? कोणी भेटलाय की काय? या वयात भेटला तरी चालेल, मला सांग आधी."

"नाही गं आत्या. बाबांचं ते उघडतेय. म्हणजे यंत्रं उघडतायत." मग तिने पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं. फासे, यादी, चोवीस दिवस. बाबांनी आवडते शब्दच ठेवले असतील, हा अंदाजही सांगितला.

आत्याने शुक्रवारची गोळी शुक्रवारात टाकली. "आवडते? छे. मग तो ढेकर कशाला म्हणाला असता रोज सकाळी?"

"काय?"

"ढेकर. सकाळी त्या खिडकीशी उभा राहून पुटपुटायचा ना तो. जप केल्यासारखं. मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलंय, स्मरणशक्तीसाठी. त्यात मधेच 'ढेकर' यायचं. तेवढं मात्र तोंड वाकडं करून म्हणायचा. मी एकदा विचारलं, दादा, हे काय अमंगळ सकाळी सकाळी? तर म्हणाला, फाशाने दिलाय. पुन्हा टाकायचा नाही असं मुलीने बजावलंय. आलं ते आलं. म्हणाला, तीन रविवार अडवला होता मी याला, कसा बरोबर घर शोधत आला बघ."

तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. ढेकर त्या एकशेवीसात नव्हता. बाबांच्या नावडत्या शब्दांची यादी केली असती तर तो पहिला आला असता. म्हणजे त्यांनी फासा पुन्हा टाकला नव्हता. एकदाही नाही. तिने पाहिलेल्या हजारो माणसांमध्ये, सांगितलं तसं तंतोतंत करणारा हा एकच माणूस निघाला होता.

"आणि बाकीचे? आत्या, बाकीचे शब्द?"

"ते मी ऐकले नाहीत."

"रोज ऐकू येत होते ना तुला!"

"येत होते. ऐकले नाहीत." आत्या ताठ झाली. "तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले मी. लोकांची लग्नं मोडताना, सौदे होताना, पोरं रडताना. कानावर पडायचं आणि विरायचं. आम्हाला तेच शिकवलं होतं. दुसऱ्याचं बोलणं धरून ठेवायचं नाही. तो स्वतःशी बोलत होता, मी माझा कान काढून घेतला." मग जरा खालच्या आवाजात, "ढेकर तेवढा घुसला. त्याला मी काय करणार?"

शनिवारची गोळी शनिवारात गेली. मग आत्या म्हणाली, "आता एक शब्द वाढला ना तुझा? मग सोपं झालं असेल."

तिने मनातल्या मनात गुणाकार केला. तीन शब्द उरले, ढेकर चारांपैकी कुठल्या जागी ते माहीत नाही. "झालं की. साडेअकरा लाख वर्षं लागणार होती. आता सहाशे लागतील."

"बघ! बसल्या बसल्या अकरा लाख वाचवले तुझे." आत्याने डबीचं झाकण लावलं. भाचीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज बदलला. "सहाशे खरंच?"

"खरंच."

"अगोबाई."

फोनवरचा आकडा एकोणऐंशी दाखवत होता. यंत्रं दुलईला काजव्याशी आणि काजव्याला उशीशी जोडून बघत होती, सेकंदाला शंभर जोडण्या, सगळ्या फुकट. तिने शंकासुराला निरोप पाठवला: थांबव. त्याचं उत्तर एका मिनिटात आलं: खात्री? तिने लिहिलं: ऐकायचे. थोड्या वेळाने पडद्यावरचा आकडा गेला.

आत्या उठली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "चुकलंच दादाचं," ती म्हणाली. "एवढं तुझं ऐकलं, फाशाचंही ऐकलं, आणि शेवटची गोष्ट सांगायला विसरला. मी त्याला कधी माफ नाही करणार बघ. पोरीची आई होती आत."

"आत्या, असं नको म्हणूस."

"का नको? मी त्याची बहीण आहे, मला हक्क आहे."

"ते विसरले नव्हते." ती उठून उभी राहिली, तसा आत्याचा हात पाठीवरून सुटला. आत्ता बसून राहिले तर तोंडून काही निघणार नाही, असं तिला वाटलं. "त्या बुधवारी त्यांनी फोन केला होता. सहा शब्द सांगायलाच. दोन सांगितलेही. तिसऱ्याला मी गायला लागले."

"गायला?"

"ऐकू येऊ नये म्हणून. कानात बोट घालून."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ते तुमचं... फोनवर बोलायचं नसतं म्हणून? कोणी चोरून ऐकेल म्हणून?"

हेच उत्तर तिने महिनाभर स्वतःला दिलं होतं. बस म्हटलं तरी उभी राहत होती ती याच उत्तरापासून लांब राहायला, कारण ते उत्तर फुटायला एक सेकंदही लागला नसता.

"नाही," ती म्हणाली. "आमचा फोन कोणी ऐकू शकत नव्हतं. त्यांच्या फोनवर आणि माझ्या फोनवर ती सोय मीच केली होती, दोन वर्षांपूर्वी. त्या वेळी जगात तो सगळ्यात सुरक्षित फोन होता. मला ते माहीत होतं."

"मग?"

"मला भीती वाटली. शब्द हातात आले असते तर उघडावं लागलं असतं. वाचावं लागलं असतं. आत्तापर्यंत आई मुळात नव्हतीच ना. वाचलं असतं तर ती असती, आणि मग गेली असती." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, अहवाल वाचावा तसा. फक्त वाक्यांच्या मधल्या जागा लांबत होत्या. "बाबांना वाटायचं, मला तिची काही उणीव नाही. मीच तसं वाटू दिलं. विचारलं की त्यांचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं नव्हतं. चार वर्षं ते लिहीत होते आणि मी दर रविवारी यायचे, आणि काय लिहिताय असं एकदाही विचारलं नाही."

आत्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, पण ती बसली नाही. खिडकीशी गेली आणि तिथे, बाहेरच्या उन्हाकडे तोंड करून, इतक्या स्पष्ट शब्दांत बोलली की खालच्या मजल्यावर शिंप्याचं मशीन थांबल्यासारखं वाटलं.

"मला आई हवी होती, बाबा. रोज हवी होती. मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही."